मिटल्या डोळ्यांचं मत

आमच्या बाप्टिस्ट चर्चच्या मंडळीत बिशप नाही की वरून हुकूम नाही. पाळकसाहेब असोत की झाडणारी बाई, प्रत्येकाला एकच मत, आणि तेही डोळे मिटून, हात वर करून द्यायचं. मोजतात फक्त पाळकसाहेब. सरकारने नेमलेला पाळक नको म्हणाले म्हणून माझे आजोबा तुरुंगात गेले होते. तेव्हापासून आमच्या उपदेशपीठावर एकाही पुढाऱ्याने पाऊल ठेवलेलं नाही.

आणि आता निवडणुकीला उभा राहिलेला एकजण म्हणे येत्या रविवारी तिथून बोलणार! त्याचं स्वागत कोणी करायचं? तर माझ्या धाकट्या जावेने. का, तर तिचा आवाज गोड. बावीस वर्षं मी रविवारची शाळा चालवतेय, माझा घसा काय उगाच बसला? काल आलेली ती, आणि कौतुक बघा! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

त्याला बोलू द्यायचं की नाही, हे ठरवायला मंडळीची सभा बसली, तिथे मी उठले. आजोबांचा तुरुंग काढला, सत्तेशी सोयरीक नको म्हटलं, टेबलावर हात आपटला. लोक माना डोलवत होते. खरं सांगू? स्वागताला मला बोलावलं असतं, तर आजोबा आठवलेही नसते.

"डोळे मिटा," पाळकसाहेब म्हणाले. "ज्यांचा विरोध, त्यांनी हात वर."

मी हात वर केला. आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. एक डोळा किलकिला करून शेजारी पाहिलं. जावेचा हात वर! ताठ. म्हणजे उद्या सगळे हेच म्हणणार की पोरीने चालून आलेला मान नाकारला. माझं भाषण गेलं चुलीत. अशी काही चीड आली की मी हात खाली घेतला. "आता ज्यांचा होकार," असं ऐकलं, तेव्हा तोच पुन्हा वर केला.

"विरोधात एकोणतीस, बाजूने तीस. रविवारी ते बोलतील."

मी हात खाली घेतला नसता तर आकडे उलटे झाले असते.

बाहेर पडताना जावेने मला घट्ट धरलं. तिचे डोळे भरले होते.

"ताई, मी हौसेने स्वागत करणार होते हो. साडीसुद्धा काढून ठेवली होती. तुमचं बोलणं ऐकलं आणि मन फिरलं. हरलो तर हरलो, आपण दोघी तरी आजोबांच्या बाजूने उभ्या राहिलो."