थेल्माबाईंची परात

न्यूझीलंडमधल्या स्किपर्सच्या दरीत गाडी घालायची तर चालवणाऱ्याच्या छातीत दम हवा आणि शेजारच्याच्या तोंडाला कुलूप. थेल्माबाईंच्या तोंडाला ते नव्हतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल खाली शॉटओव्हर नदी, आणि रस्ता असा की समोरून कुणी आलं तर एकाला उलटं मागे जावं लागतं. अशा जागी चौऱ्याऐंशी वर्षांच्या या बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होत्या, "ग्लेनिस, इथून कुणी पडलंय का गं?"

"माझ्या गाडीतून तरी नाही. पण डोकं आत घेतलं नाहीत तर आज मुहूर्त लागेल!" मी म्हटलं.

मागच्या सीटवर त्यांचा भाचा रसेल डोळे गच्च मिटून बसला होता. एवढा दांडगा गडी, इन्व्हरकार्गिलमध्ये लोकांचे नळ दुरुस्त करत फिरतो, पण दरी पाहून त्याचं पाणी पाणी झालं होतं.

थेल्माबाई काही मौजेसाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या जन्माआधी, तीसच्या दशकातल्या मंदीत काम मिळेना म्हणून त्यांचे वडील बायको-मुलाला मागे ठेवून या दरीत सोनं शोधायला आले. तीन वर्षं राहिले आणि हात हलवत परत गेले.

"मामालोक म्हणाले, तंबूत लोळत पडला असणार," बाई सांगत होत्या. "मग आईही तेच म्हणायला लागली. आणि याचा बाप, माझा भाऊ मर्व्हिन, नव्वदी गाठली तरी दर नाताळला भर पंगतीत तेच: आपला बाप म्हणजे आळशांचा राजा! मी म्हटलं, मरण्याआधी ती नदी एकदा स्वतः उपसून बघते."

मी तेव्हाच मनाशी ठरवलं, आज बाईंना सोनं मिळालंच पाहिजे.

आता पाहुण्यांना इथे सोनं शोधायला आणायच्या आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, नाक मुरडू नका. नदीत सोनं उरलंय थोडं आणि पाहुणे येतात ढीगभर. म्हणून गप्पा मारता मारता, नखाआडून, सोन्याचा चिमूटभर कीस आम्हीच त्यांच्या वाळू धुवायच्या परातीत सोडतो. पाहुणाही खूश आणि नदीचीही अब्रू राहते.

नदीच्या वळणावर माझा नवरा हेक्टर आधीच पोचून जाळ करून बसला होता. किटली उकळत होती, चीजचे स्कोन, म्हणजे छोटे खारे पाव, गरम होत होते. बाईंनी चहाकडे बघितलंही नाही. गमबूट चढवले, परात घेतली आणि थेट पाण्यात. मी कशी फिरवायची ते दाखवलं आणि दाखवता दाखवता माझी चिमूट सोडली. मग हेक्टर 'अशी नाही, अशी' करत आला. मग रसेलही मदतीला धावला.

वाळू निघून गेली आणि तळाशी पिवळंधमक चमकलं. एवढं, की मीच दचकले. माझी चिमूट एवढी नव्हती! हेक्टरकडे पाहिलं, तर तो ढग बघत होता. रसेल स्वतःचे बूट बघत होता.

थेल्माबाई मात्र हसल्या नाहीत. परात घेऊन दगडावर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पहिल्याच परातीत एवढं? म्हणजे मर्व्हिनचंच खरं. जिथे माझ्यासारख्या म्हातारीला चुटकीसरशी एवढं मिळतं, तिथे तीन वर्षांत ज्याला काही मिळालं नाही, तो झोपलाच असणार."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आत्या, ते मी टाकलं," रसेल पुटपुटला. "काल गावातल्या दुकानातून घेतलं होतं."

"तू कसं? मी टाकलं!" हेक्टर म्हणाला.

"मीपण," मी म्हटलं.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मेल्यांनो! नदीला काही टाकायला जागा तरी ठेवायची!" सगळं सोनं त्यांनी हेक्टरच्या डबीत ओतलं. "आता कुणी माझ्याजवळ फिरकायचं नाही. रसेल, तू फक्त खण. आणि आधी हात दाखव."

मग दुपारभर तेच चाललं. प्रत्येक फावड्याआधी रसेल जादूगारासारखे दोन्ही पंजे उघडून दाखवायचा, आणि बाई परात फिरवायच्या. बोटं लालबुंद झाली. बारीक माश्या कान-मान फोडून खात होत्या. मी चार वेळा चहा घेऊन गेले आणि चार वेळा हाकलली गेले. देवाकडे नेमकं काय मागावं हेच मला कळेना.

शेवटी रसेलनं धरून त्यांना उभं केलं. त्यांनी परात आमच्यापुढे धरली. "काय दिसतंय?"

"काळी वाळू," हेक्टर म्हणाला.

"नीट बघा."

"काहीच नाही, आत्या," रसेल म्हणाला.

म्हातारीचा चेहरा असा फुलला की मला रडूच आलं.

दरीत फोन लागत नाही. वर खिंडीत पोचताच बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि फोन रसेलच्या हातात कोंबला. "लाव तुझ्या बापाला. मोठ्यानं ऐकू येईल असा."

"मर्व्हिन!" त्या ओरडल्या. "दिवसभर उपसलं! कंबर मोडली, बोटं गेली, आणि एक कण नाही! एक कणसुद्धा नाही!"

पलीकडून खरखरीतून म्हातारा आवाज आला, "काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"पाणी गार होतं का गं?"

"हाडं फुटतील इतकं. आणि हा भर उन्हाळा आहे, मर्व्हिन."



"बाबा तर हिवाळ्यातही तिथेच असायचे गं," मर्व्हिन म्हणाला.