मधोमध दुमडलेला दोर

आषाढात आमच्याकडे पाऊस येत नाही, वारं येतं. ढग डोक्यावरून घाईघाईनं पूर्वेकडे निघून जातात आणि मागे राहतो तो त्यांच्या धावण्याचा कोरडा, अखंड घोष. त्या वाऱ्यात धरणाच्या काठाला लावलेल्या एखाद्या होडीचं शीड फडफडलं, की मला मार्थाबाईंच्या पांढऱ्या ओढणीचा आवाज ऐकू येतो. ओढणी त्यांनी कमरेला करकचून आवळलेली असायची, तरी तिचं एक टोक सुटायचंच. साऱ्या मुलींना गाठी शिकवणाऱ्या या बाईंना स्वतःची ओढणी मात्र कधी धड बांधता आली नाही.

बाई आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. उंच, सावळ्या, उन्हाकडे पाहून पाहून डोळे कायमचे बारीक झालेले, तळव्यावर दोर सरकून उठलेला जुना, चकचकीत वण. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात त्या शिडाची होडी हाकायला शिकल्या होत्या. धरणावरच्या नौकाकेंद्राच्या मागे लागून शाळेतल्या मुलींसाठी त्यांनी दोन जुन्या होड्या मिळवल्या, तेव्हा गावातले एक तात्या पारावरून म्हणाले होते, "उसाला पाणी, टँकरला पाणी, आता पोरींना खेळायलाबी पाणी व्हय?" बाई न थांबता म्हणाल्या, "पीत न्हाईत हो त्या, तात्या, नुसत्या वरून जात्यात!"

होडीला पुढच्या बाजूला एक लहान, तिकोनी शीड असतं. त्याच्या मोकळ्या कोपऱ्याला दोन दोर लागतात, एक डावीकडे नेलेला, एक उजवीकडे. होडी वळली की शीड या कुशीवरून त्या कुशीवर जातं. तेव्हा एक दोर सोडायचा आणि दुसरा ओढायचा. अडचण असते ती डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारांची. कोपऱ्यावरची गाठ जाड असली, तर ऐन वळणात ती तारेला अडते. शीड तिथंच राहतं, वारा उलट्या बाजूनं भरतो आणि होडी आडवी होते.

आणि आम्ही तर जाडच गाठी मारायचो. आम्ही गोठ्यातल्या पोरी. वासरू सुटलं तर सकाळचं दूध गेलं, या धाकात वाढलेले आमचे हात कुठलाही दोर दिसला की गाठीवर गाठ, वर आणखी एक गाठ घालत. बाई कपाळावर हात मारत. "अगं, शीड हाय ते! उठून गायीला प्यायला जाणार हाय का?" मग त्या एकच लांब दोर घ्यायच्या, मधोमध दुमडायच्या, दुमड शिडाच्या कोपऱ्यातल्या कडीतून काढायच्या आणि दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओवून हलकेच ओढायच्या. झालं. कडीपाशी बोराएवढा मऊ फुगवटा. त्यावरून अंगठा फिरवताना त्यांचा चेहरा असा शांत व्हायचा, जसं मार्गशीर्षातलं सकाळचं पाणी: तळ दिसेल इतकं नितळ, आणि तरी आभाळ धरून ठेवणारं. दोन्ही टोकं तारांच्या आतून मागे नेताना त्या तार बोटानं छेडून पाहायच्या, तिचा बारीक, धातूचा स्वर कान देऊन ऐकायच्या, आणि मला म्हणायच्या, "तुझ्या वडिलांना विचार. कासरा बैलाला ओढायला नसतो, सांगायला असतो."

माझे वडील घोडेगावच्या बाजारात गुरांची दावी, कासरे, म्होरक्या विकतात. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. या दोन्ही गोष्टी मी सारख्याच आवाजात सांगते, कारण पुढं जे घडलं त्याच्याशी त्या दोन्हींचा संबंध आहे.

केंद्राच्या वर्धापनदिनी अध्यक्षांना शिडाच्या होडीत बसून फोटो काढायचा होता. फोटोसाठी शीड झटपट चढवता-उतरवता यावं म्हणून त्यांच्या माणसांनी बाईंचा दोर सोडला आणि कोपऱ्याला पोलादाचा चकचकीत आकडा लावून त्यात दोन नवे दोर अडकवले. बाई म्हणाल्या, "हा तारेत अडकेल." अध्यक्ष हसले. "मॅडम, इंपोर्टेड आहे!" सुकाणू बाईंच्या हाती होतं, दोर माझ्या. भर पाण्यात होडी वळवली आणि आकड्यानं तार पकडली. कट्ट असा आवाज झाला. मी दोर ओढतेय, शीड हलत नाही. पुढच्या क्षणी आम्ही तिघंही पाण्यात. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. अध्यक्षांची सफारी तेवढी भिजली, आणि ती वाळायला वेळ लागला.

केंद्राच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "गुरं बांधणाऱ्यांच्या हाती होड्या दिल्यावर दुसरं काय होणार? मॅडम, पोरीनं गाठ चुकीची बांधली, एवढं सगळ्यांसमोर म्हणा. शनिवारपासून होड्या परत तुमच्याच." मी दाराशी ओल्या केसांनी उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओढणीचं सुटलेलं टोक त्यांनी सावकाश कमरेला खोचलं. "गाठ होतीच कुठं साहेब? आकडा होता. आणि तो तुमचा होता."

होड्यांना कुलूप लागलं. बाई निवृत्त होईपर्यंत मैदानात खो-खो शिकवत राहिल्या. वारं सुटलं, की शिट्टी ओठांत तशीच ठेवून धरणाच्या दिशेला पाहत राहायच्या. एका खोट्या वाक्यावर त्यांना सगळं पाणी परत मिळत होतं. माझ्या बापाच्या दाव्याची अब्रू त्यांनी त्या पाण्याहून मोठी मानली.

यंदाच्या पौषात बाई गेल्या. शोकसभेला तेच अध्यक्ष. तसबिरीला हार घालून म्हणाले, "मॅडमनी मोठ्या मनानं, स्वतःहून पाण्याचा निरोप घेतला."

स्वतःहून! माणूस गेल्यावर त्याचं दुःखसुद्धा आपल्या सोयीनं इस्त्री करून घडी घालतात हे लोक. मी उभी राहिले. कॉलेजात शिकलेली सगळी शुद्ध भाषा त्या घटकेला कुठं गेली कोण जाणे. "खोटं हाय ते, साहेब. तुमी त्यांचं पाणी तोडलं. गाठ आमची नव्हती, आकडा तुमचा हुता. दोर माझ्या हातात हुता, म्हणून सांगते." मागच्या ओळीतून तात्या म्हणाले, "बस आता, पोरी. झालं सांगून." पण खाली बसले ते अध्यक्ष.

संध्याकाळी काठावर गेले. आमच्या दोन्ही होड्या पालथ्या पडल्या होत्या, साखर कारखान्याचा धूर पाण्यावरून सरकत होता आणि ऊन कुंपणाच्या तारेवरून उतरत होतं. बाईंचा दोर मला आठवला. त्याला दोन बाजू होत्या, तरी तो मधोमध कुठं कापलेला नव्हता. वारा फिरला की एक बाजू हातातून सुटते आणि त्याच क्षणी सगळा भार दुसरीवर येतो. काळाचं वारं फिरलं. बाईंची बाजू सैल पडली आहे; माझ्या तळव्याला आता ओढ लागते आहे.