नोंदवहीतली जळकुकडी

आधीच सांगून ठेवते, मी खोटं बोलले नव्हते. मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं, तेही सरकारी कागदावर सही करून. पुढे जे रामायण झालं त्याला मी काय करू?

आमची गल्ली सुरतेत, पर्वत पाटियाच्या मागे, खाडीच्या काठावर. सगळी लूमवर काम करणारी माणसं, त्यात निम्मी आम्ही खानदेशातली. माझ्या घराला लागून इंदुबाईचं घर. तिनं मागच्या बाजूला, अगदी पाण्याला टेकवून, पत्र्याचं स्वयंपाकघर वाढवलंय. नवरा गेल्यापासून तिथून ती सत्तावीस कारागिरांचे डबे करते, त्यावरच तिचं चालतं. दिवाळीनंतर खाडीचे साहेब आले आणि त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. पुराचं पाणी गल्लीत शिरू नये म्हणून काठाला पक्की भिंत बांधायची होती आणि मधे येईल ते पाडायचं होतं.

मला वाईट वाटलं का? खरं सांगू? त्या आठवड्यात नाही वाटलं. कारण त्याच आठवड्यात माझं वॉशिंग मशीन आलं होतं. सगळी गल्ली बघून गेली, हात लावून गेली. इंदुबाई दारातूनच म्हणाली, "आता हातांना काय काम? भांडायला मोकळे!" आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तीन दिवस! माझं मशीन, माझ्या नवऱ्याचा बोनस, हिचं काय जातं?

चौथ्या दिवशी एक पोरगी आली. नाव जागृती, गळ्यात दुर्बीण, हातात जाड वही. म्हणाली, खाडीच्या काठी कोण कोण राहतं त्याची नोंदवही करायची आहे, कायदाच आहे तसा. मला वाटलं, मतदारयादीसारखं काहीतरी असेल. बावीस वर्षं सुरतेत काढली मी, गुजराती अशी येते की भाजीवालासुद्धा मला इथलीच समजतो.

"मासी, अहीं जळकूकडी छे?" तिनं विचारलं.

व माय! मी चाटच पडले. सरकार एवढं पुढे गेलं? आता याचीही मोजणी? आपल्याकडे दुसऱ्याचं चांगलं बघून जिचा जीव जळतो ती जळकुकडी. मी म्हटलं, "छे ने! ही काय, शेजारीच!"

पोरीचे डोळे चमकले. "साचे? केटली?"

"एकच. पण दहांना भारी."

तिनं पेन काढलं. आवाज कधी करते? पहाटे पाचला, म्हटलं, नळ आला की, सगळी गल्ली उठवते. रंग? सावळा, कपाळावर हा एवढा लाल टिळा. पोरगी उभीच राहिली. "अने पग? लीला?" पाय हिरवे आहेत का म्हणे. मला इंदुबाईच्या त्या हिरव्या स्लिपर आठवल्या. हिरवेगार, मी सांगितलं. कशानं बिथरते? शेजारी नवी वस्तू आली की, तीन दिवस तोंड उघडत नाही. "बहु संवेदनशील," असं पुटपुटत तिनं लिहून घेतलं. राहते कुठे? पाण्याला लागून, पत्र्याखाली. मी सही ठोकली, तिला चहा पाजला आणि फार दिवसांनी मला गाढ झोप लागली.

महिन्याभरानं इंदुबाईच्या मागच्या भिंतीवर हिरवा बोर्ड लागला. त्यावर एक काळा पक्षी, कपाळावर लाल, पाय हिरवे. खाली लिहिलेलं, जळकूकडीचा राखीव काठ, शांतता राखा, कचरा टाकू नका. माझा नवरा रामदास बोर्ड वाचून म्हणाला, "अगं, ही तर आपली पाणकोंबडी! गुजरातीत हिला जळकूकडी म्हणतात वाटतं." मी पदर तोंडावर घेऊन घरात पळाले.

पण पुढचं ऐका. नियम असा निघाला, की जिथे घरटं आहे त्या काठावर सिमेंट ओतायचं नाही, गवत राखायचं. मग शास्त्रवाल्यांनी नवा नकाशा काढला. भिंत रद्द, पुराच्या पाण्याला पलीकडच्या मोकळ्या मैदानात जागा करून द्यायची. म्हणे हे आधीच्यापेक्षाही बरं, पाणी पसरतं आणि जिरतं. आता हे त्यांना आधी सुचायला काय झालं होतं? असो. लाल फुलीवर चुना फिरला.

त्या संध्याकाळी इंदुबाई वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन माझ्या दारात आली. डोळ्यात पाणी. म्हणाली, "सरला, कोण कुठलं पाखरू, पण माझी चूल वाचवली गं. मी त्यांच्या ऑफिसात चार खेटे घातले. बाईच्या चुलीला त्यांच्या कागदात रकानाच नाही म्हणाले. पाखराच्या घरट्याला आहे!" मी ताटं मांडली. आणि भरीत मेलं इतकं सुरेख झालेलं, की रामदासनं तीन भाकऱ्या हाणल्या आणि बोटं चाटत म्हणाला, "इंदुबाईच्या हाताला चव आहे बुवा." बावीस वर्षांत माझ्या भरताला हा माणूस एकदा असं बोलला नाही. मी ताट आपटलं.

मग पत्र आलं. गांधीनगरहून पक्ष्यांचे मोठे साहेब स्वतः येणार, जळकूकडी दिसली किंवा निदान ऐकू आली तरच नोंद पक्की. नाहीतर नोंद रद्द, जुना नकाशा परत, फुली परत. इंदुबाई खुशीत म्हणाली, "येऊ देत की, माझ्याकडेच बसवते त्यांना." मी दोन दिवस काठावर भात टाकला, उगाच एखादी भटकी पाणकोंबडी येईल म्हणून. गल्लीतली सगळी कबुतरं आली.

साहेब आले सकाळी सातला. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर. इंदुबाईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि काठावरच्या उंच पाणकणसांच्या गवताकडे दुर्बीण लावली. शेजारी जागृती, हातात वही घट्ट धरून. इंदुबाई भाकऱ्या थापत होती. मी आपली दाराशी, पदराचं टोक चावत. तास गेला. दोन म्हशी दिसल्या, एक कुत्रा दिसला, एक पिशवी वाहत गेली.

"नोंदीत काय म्हटलंय बघू," साहेब म्हणाले आणि नोंदवही उघडून आमच्यासाठी हिंदीत मोठ्यानं वाचू लागले. रंग सावळा. कपाळावर मोठा लाल टिळा. इंदुबाई कौतुकानं ऐकत होती. पाय हिरवेगार. पहाटे पाचला, नळाला पाणी आल्यावर ओरडते. इंदुबाईचा हात हळू झाला. शेजारी नवी वस्तू आली की तीन दिवस तोंड उघडत नाही. हात थांबला. तिनं आधी आपल्या स्लिपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सरला." ती आमच्या घरच्या बोलीत बोलली, म्हणून साहेबांना काही कळलं नाही. "हे तू लिहवलंस?"

"मला वाटलं, बायकांची मोजणी चाललीय."

"म्हणजे मी जळकुकडी."

"त्या आठवड्यात होतातच की तुम्ही!" मी म्हटलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली.

साहेबांनी वही मिटली. "पक्षी नाही. नोंद काढावी लागेल," ते म्हणाले. जागृतीचं तोंड एवढंसं झालं. इंदुबाईनं ओळीनं मांडलेल्या सत्तावीस डब्यांकडे पाहिलं. पिठाचे हात पदराला पुसले. मला वाटलं, आता ही मला उलथण्यानं हाणणार, आणि हाणलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण ती मागच्या दारानं उतरली आणि पाणकणसांत दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं तिकडून आवाज आला. "कुर्रुक! कुक कुक, कुर्रुक!"

साहेबांनी बोट वर केलं, डोळे मिटले. "ऐकलंत? आवाज जरा जाड आहे."

"स्थानिक फरक असेल, सर," जागृती घाईघाईनं म्हणाली. ती छताकडे बघत होती.

"असेल." साहेबांनी लिहिलं, एक. मग पेन तसंच धरून ठेवलं. "पण एकटीनं काठ राखला जात नाही. घरटं मानायचं तर नियमानं दोन हवेत." ते सरळ माझ्याकडे बघत होते, मिशीतल्या मिशीत हसत होते की नाही, देव जाणे. "दुसरी आहे का इथे, बेन?"

मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि गाळात उतरले. इंदुबाई गुडघाभर चिखलात उकिडवी बसलेली, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. मला बघून जरा सरकली आणि बसायला जागा केली.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली. "माझ्या भरतावर जळतेस ना तू?"

"भलती जळते," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. "पहिल्या दिवसापासून जळते."

"मग ओरड की."

मी ओरडले. अगदी बेंबीच्या देठापासून ओरडले. इंदुबाईनं माझा हात धरून ठेवला होता.

वरून साहेबांचा आवाज आला, "दोन."