बाळसं

मी कांचन बोलतोय. नावात सोनं आहे, पण बोलणं आज कडू निघेल. ऐकून घ्या.

रोपवाटिकेत आम्ही रांगेने उभे होतो. काका-काकूंचं अंगण लहान, म्हणून ते लहान चणीचं झाड शोधत आले. काकू म्हणाल्या, "हाच घ्या. फार उंच जात नाही, फुलं मात्र डोळ्यांत भरतात." झालं, मी कुंपणापाशी नांदायला आलो. तिथे उभं राहिल्यावर दोन्ही घरचं बोलणं कानावर येतंच, त्यात माझा काय दोष?

पहिल्याच वाऱ्यात मी जरा डोललो. डोलण्यानेच आमचं खोड घट्ट होतं, पण काकांच्या काळजात धस्स झालं. त्यांनी बांबू रोवला आणि कपडे वाळत घालायच्या तारेने मला आवळून टाकलं.

"आता कुठे जातोय!" म्हणाले.

मी अंगाने भरत गेलो, तार मात्र तेवढीच. ती सालीत रुतली आणि तिच्यावरचं खोड फुगलं.

"बघा, कसं बाळसं धरलंय!" काका शेजाऱ्यांना हाका मारून दाखवायचे.

"बाळसं कसलं बाबा, सूज आहे ती," त्यांची लेक म्हणाली. "आधी तार कापा."

"तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी. आधार आहे तो."

"अहो, ती सांगतेय तर..." काकूंनी तोंड उघडलं.

"तू चहा टाक."

लेक पक्कड घेऊन आली, तर काकांनी तीही हातातून काढून घेतली.

त्यानंतरच्या बहरात मी जीव खाऊन फुललो. घुसमटलेलं झाड कधी कधी असंच फुलतं. काका हरखले, आणखी खत घातलं. इकडे पानांनी रांधलेलं मुळांपर्यंत उतरेना. मुळं उपाशी मेली, मग मी शेंड्यापासून वाळत आलो.

काका दुष्ट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. रोज हाताने पाणी घालणाऱ्याला काय म्हणू?

तुमच्या अंगणात कुणी असं बांधलेलं असेल, तर तार काढा. बांधायचंच तर मऊ कापड बांधा, बोट शिरेल इतकं सैल. मूळ धरलं की तेही सोडा.

आज करवत आलीय. काका डोळे पुसताहेत. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, "तुम्ही काही कमी केलं नाही हो. त्यालाच जगायचं नव्हतं."

जगायचं होतं हो मला.