निळा धूर

परसात पेरूखाली मटणाला धूर द्यायची दोन धुराडी शेजारी शेजारी उभी होती. एक गंजलेला तेलाचा पिंप. दुसरी चकचकीत पत्र्याची पेटी, जिची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली होती. आपल्या दाराशी कुणा अनोळखी माणसाच्या चपला दिसाव्यात, तसे परशुराम त्या वायरीकडे पाहत होते.

आधी बोलला तो खोकला. तीस वर्षं रेल्वेच्या इंजिनांना कोळसा भरवलेल्या त्यांच्या छातीतून तो उठला आणि बराच वेळ बसला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं : धूर बंद करा, नाहीतर हा हिवाळा जड जाईल. म्हणून त्यांच्या मुलीनं, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भारतीनं, स्वतः आराखडा काढून जुन्या हुबळीतल्या वेल्डरकडून ही पेटी करून घेतली होती. तळाशी विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या भुशाचं ताट. दार लावून माणसानं खुशाल घरात जाऊन बसावं.

"ह्याच्यात विस्तव कुठाय?" परशुरामांनी विचारलं.

"विस्तव नाही, अप्पा. धूर मात्र आहे. फक्त तुमच्या छातीत जात नाही."

"मळमड्डीसारख्या शिकल्यासवरल्या वस्तीत राहून मास्तरीण झालीस, पण धूर तुला कळला नाही बघ." ते हसले, खोकले, पुन्हा हसले. "असं करू. दोन्हीकडं चान्या लावू. डोळे झाकून माझी ओळखता आली नाही, तर पिंप भंगारात. ओळखली, तर ह्या डब्याचं नाव काढायचं नाही. काय?"

"शब्द?"

"शब्द!"

चान्या म्हणजे मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. अळणावरजवळच्या त्यांच्या गावात त्या चुलीवर दोरीला टांगून धुरवत. भारतीनं पेटीत पट्ट्या लावल्या, बटण दाबलं, आणि तिचं काम संपलं.

मग ती पाहत राहिली. आजवर ती हे लांबूनच, नाक मुरडून पाहत आली होती. परशुराम एकेक कोळसा उचलून फरशीवर टाकत होते. जो खणखणला तो घेतला, जो भद्द वाजला तो बाजूला सारला. कोळसे फुलल्यावर त्यांवर जांभळाचं लाकूड ठेवलं. पिंपातून प्रथम पांढरा, दाट, रागीट धूर उसळला. "हा नव्हे," ते पुटपुटले. झाकणावर त्यांनी तळहात धरला आणि डोळे मिटले. मग खालचं एक भोक मातीच्या गोळ्यानं अर्धं लिंपलं, कडेचं दुसरं बोटभर उघडलं. धूर पातळ होत गेला, विरत गेला, आणि अखेरीस इतका निळा झाला की तो दिसतो आहे की आठवतो आहे, हेच भारतीला कळेना. ज्या अग्नीचं तापमान ती फळ्यावर अंकांत लिहीत आली होती, तो इथं एका म्हाताऱ्या तळव्याखाली पाळीव जनावरासारखा श्वास घेत होता. ह्या माणसाच्या घरात आपण पस्तीस वर्षं राहिलो, आणि त्याची विद्या आज पाहिली!

दुपार कलली. स्वयंपाकघरात तिनं दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घेतल्या. एकीच्या तळाशी आईचं नाव कोरलेलं होतं. पेटीतल्या चान्या तिनं त्या ताटलीत ठेवल्या. परसात येऊन वडिलांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"आवळू नको गं, अंबाडीची पेंढी नव्हे मी."

पहिला घास त्यांनी सावकाश चावला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. पेरूवर एक बुलबुल येऊन बसला नि उडाला.

टॉवेलाखालचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि डावीकडची ताटली अलगद जवळ ओढली.

"ही. हीच माझी. बघ, जांभळाचं लाकूड आणि लोणाऱ्याच्या भट्टीतला कोळसा, दोन्ही कसे वेगळे बोलतात. बटणाला हे जमायचं नाही, बाळ." खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी छातीवर हात दाबून परतवली. "माझं नाक अजून शाबूत आहे म्हणायचं!"

भारतीनं ताटली उचलली. तळाशी बोटांना आईच्या नावाची अक्षरं लागली.

एक शब्द पुरेसा होता. त्या एका शब्दानं पिंप भंगारात गेला असता, आणि हिवाळा कदाचित हलका.

"काय गं? बरोबर ना?" टॉवेल न सोडताच, लहान मुलासारखी मान वर करून परशुरामांनी विचारलं. "भारती?"

आईचं नाव झाकत ताटली पोटाशी धरून ती पायऱ्या चढली, आणि आत निघून गेली.