आठव्या ठिपक्यानंतरची फट

रंगारीकाकांच्या तोलाचा आलेख त्यांच्या कंपनीकडून दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंचं डोकं फिरलं. परांचीवरून पडलेल्या काकांना त्यांनीच पुन्हा पायावर उभं केलं होतं. आठ दिशांना झुकून कुठवर तोल राहतो ते मोजलं, आकडे संगणकात भरले. त्याच्या रडार चार्टने आठ ठिपके गोलात मांडले, एकेक करत रेघेने जोडले आणि आठव्यापाशी हात टेकले. आठव्यापासून पहिल्यापर्यंत रेघच नाही! कंपनीच्या डॉक्टरांनी नेमकं त्या फटीवर बोट ठेवलं: समोर, जरा डावीकडे तोल जातो, परांचीवर चढू देता येणार नाही. बाईंनी फोनवर परोपरीने समजावलं, पण डॉक्टर कागदाला चिकटून बसले. काकांची नोकरी त्या फटीत अडकली.

"पेनाने जोडून टाका ना," काका म्हणाले. "मी जन्मभर भेगाच बुजवल्यात."

"म्हणजे 'बाईंनी खाडाखोड केली' म्हणायला डॉक्टर मोकळे! मुळीच नाही," बाई म्हणाल्या.

बाईंनी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, रेघ पूर्ण करायचा पर्याय द्या. उत्तर आलं, पहिला आकडा शेवटी पुन्हा भरा. भरला, तर आलेखाला नववी दिशा फुटली आणि सरासरीही बिघडली. तसं कळवलं. त्यावर 'आजवर कुणाचीच तक्रार नाही' एवढं लिहून त्यांनी विनंतीच बंद करून टाकली.

"हे 'बंद करा'चं बटण बरं सापडलं यांना!" बाई कडाडल्या, आणि काकांना घेऊन थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये धडकल्या.

"फट इकडे आहे ना? काका, झुका."

काका झुकले. आणखी झुकले. डॉक्टर धरायला खुर्चीतून अर्धे उठले. काका तसूभर हलले नाहीत. तसेच झुकलेले असताना म्हणाले, "साहेब, त्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत."

डॉक्टरांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

"झालं ना काम?" बाहेर आल्यावर काका म्हणाले. "आता सोडा त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा नाद."

"तुमचं झालं. उद्या येणाऱ्याचं काय?"

दवाखान्यात परतल्यावर बाईंनी बंद केलेली विनंती पुन्हा उघडली. खाली लिहिलं, 'पर्याय देईपर्यंत ही रोज उघडणार. तुमची एक रेघ अपुरी, म्हणून धडधाकट माणसाने दर वेळी साहेबापुढे वाकून दाखवायचं का?'