लांबवलेली गोष्ट

आंब्याच्या कलमावरून पडल्यापासून संदेशचे पाय हलत नव्हते. रत्नागिरीतल्या भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या तो मोबाईलवर एक ऑनलाईन खेळ खेळायचा. त्यात तो नावाडी होता आणि बुडालेल्या राज्याच्या राणीला शोधत होता. मारामारीत त्याला रस नव्हता. राणी सापडते का, एवढंच त्याला बघायचं होतं.

खेळाचे दोन नवे भाग आले, त्यातला पहिला त्याने एका दुपारीच संपवला. राणी सापडली आणि लगेच पुन्हा हरवली. पुढे तेच राक्षस, तीच बेटं, फक्त नावं बदललेली.

त्याची बायको दर्शना मासळी साफ करून हात पुसत आत आली. "काय झालं? सापडली का तुमची राणी?"

"नाही, आणि आता सापडणारही नाही. गोष्ट कधीच संपलीय गं, खेळ बनवणारे नुसती लांबवतायत. सोडून देतो."

"मग सोडा की. जिवाला त्रास कशाला?"

"आणि उद्यापासून काय करू?"

दर्शना त्याच्या पायांशी बसली आणि रोजच्यासारखं तेल चोळू लागली. तिचा हात त्याला दिसत होता, पण जाणवत नव्हता.

"हे तरी कशाला करतेस?" तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

संदेशने खेळ काढून टाकायला बोट उचललं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग त्याने मान भिंतीकडे वळवली आणि पुढचा भाग सुरू केला.